भांडण सोमवारी ऐकायचं

तिसऱ्या शतकात सीरियातल्या ख्रिस्ती मंडळ्यांसाठी लिहिलेलं एक नियमांचं पुस्तक आहे, दिदास्कालिया. बिशपाने कसं वागावं, विधवांना मदत कशी पोचवावी, उपास कधी धरावेत, असला रोजचा कारभार त्यात आहे. तंट्यांवर आलं की ते सरळ वारच सांगतं. दोघांचं भांडण बिशप आणि वडीलजनांपुढे आणायचं ते सोमवारी. का, तर निकाल कुणाला पटला नाही, कुणी हरकत घेतली, तरी शनिवारपर्यंत हातात दिवस राहतात, आणि रविवारी भाकर मोडायला एकत्र बसेपर्यंत समेट होऊ शकतो.

आपल्याकडे गोव्यात बऱ्याचदा नेमकं उलटं. रविवारची शेवटची मिसा (उपासना) आटपली की चर्चच्या हॉलमध्ये बैठक. घरी हुमण निवत असतं, अर्धी माणसं घड्याळाकडे बघत असतात, आणि तेवढ्यात फेस्ताच्या, म्हणजे चर्चच्या सणाच्या, हिशेबाचा विषय निघतो. एक जण आवाज चढवतो, दुसरा खुर्ची सरकवून चालता होतो. मग ते भांडण आठवडाभर वाड्यावाड्यातून हिंडतं आणि पुढच्या रविवारी दुप्पट होऊन बाकांवर येऊन बसतं. हीच बैठक सोमवारी संध्याकाळी लावायला एक पैसा लागत नाही.

त्या पुस्तकाच्या बाकीच्या अटीही अशाच व्यवहारी आहेत. दोन्ही पक्ष एकाच वेळी समोर उभे हवेत. एकट्याने येऊन कानात सांगितलेल्यावर निकाल द्यायचा नाही. तक्रार करणाराही तपासायचा: याने आधी किती जणांवर बोट दाखवलंय, समोरच्याशी याचं जुनं वैर आहे का. वर एक टोमणा आहे. बाहेरची न्यायालयं खुन्याचीही चौकशी दिवसचे दिवस करतात आणि मग शिक्षा देतात, तर भावाला बाहेर काढायची तुम्हांला एवढी घाई कसली?

पहिली मंडळी गुण्यागोविंदाने नांदत होती आणि भांडणं मागाहून शिरली, असा एक गोड समज प्रवचनांतून पसरलाय. पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र उघडून बघा. चार तट पडलेले: मी पौलाचा, मी अपुल्लोचा, मी कैफाचा (म्हणजे पेत्राचा), मी ख्रिस्ताचा. प्रभुभोजनाला एक उपाशी आणि दुसरा झिंगलेला. भाऊ भावाला कोर्टात खेचतोय. हे सगळं येशूच्या मृत्यूनंतर पंचवीसेक वर्षांच्या आत. त्या लोकांकडून घ्यायचं ते प्रेमाचं प्रमाणपत्र नव्हे. भांडण कोणी, कुठे, कोणत्या क्रमाने हाताळायचं याची त्यांनी बसवलेली रीत घ्यायची. आणि आज बिघडतं ते बहुतेक वेळा क्रम चुकल्यामुळे.

मत्तयाच्या १८ व्या अध्यायातल्या तीन पायऱ्या कित्येकांना पाठ असतात. आधी दोघांनीच बोला. ऐकलं नाही तर एक-दोघांना सोबत घ्या. तरीही नाही, तर मंडळीला कळवा. पाठ असूनही पहिल्या पायरीवर पाय न ठेवता लोक तिसरीवर उडी मारतात, आणि आता त्या उडीला व्हॉट्सॲप आहे. वाड्याच्या ग्रुपवर ‘काही जणांना हिशेब देण्याची लाज वाटते’ असं टाकलं, की नाव न घेताच सगळ्यांना नाव कळतं. खाजगी मेसेजही ‘एकांत’ नव्हे, कारण स्क्रीनशॉट पुढे जायला दोन सेकंद पुरतात. एकांतात म्हणजे समोरासमोर, शक्यतो त्याच्या घरी किंवा चालता-चालता. मिसेच्या आधी साक्रिस्तीत (पाद्र्याच्या तयारीच्या खोलीत) गाठून तर मुळीच नाही. मुद्दा एकच न्यायचा, आणि तो मोजता येईल असा: ‘तुमचा कारभार नेहमीच असला’ हे भांडण झालं, ‘मे महिन्याच्या हिशेबात मांडवाचं बिल दिसत नाही’ ही तक्रार झाली. तिला उत्तर देता येतं.

दुसऱ्या पायरीची चूक जास्त बारीक आहे. लोक आपल्या बाजूचे दोन धट्टेकट्टे मित्र घेऊन जातात आणि त्याला साक्षीदार म्हणतात. तो वेढा झाला. दोन किंवा तीन साक्षीदारांचा नियम जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायातून आलाय, आणि तिथे तो आरोप झालेल्या माणसाच्या रक्षणासाठी आहे: एकट्याच्या शब्दावर कुणाला दोषी ठरवू नये म्हणून. तेव्हा सोबत न्यायचा माणूस समोरच्यालाही चालणारा हवा. त्याने पहिली वीस मिनिटं तोंड उघडायचं नाही. उठण्याआधी तीन ओळी कागदावर उतरवायच्या: काय मान्य झालं, कशावर अडलं, पुन्हा कधी बसायचं. दोघांनी वाचून सही केली की पुढे ‘मी असं म्हणालोच नव्हतो’ हे निम्म्याने कमी होतं. तिसऱ्या पायरीवर जावंच लागलं तर हा कागदच बरोबर जातो.

(तरीही न ऐकणाऱ्याला विदेशी आणि जकातदारासारखा समजा, असं शेवटी येतं. ज्याच्या नावाचं हे शुभवर्तमान, तो मत्तय जकातदारच होता. तेव्हा दाराला कुलूप किती घट्ट लावायचं हे ज्याने त्याने ठरवावं.)

या पायऱ्या सगळीकडे लावू नका. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर ‘आधी एकांतात बोला’ हा सल्ला गुन्ह्यावर पांघरूण घालतो. पॉक्सो कायदा २०१२ च्या कलम १९ नुसार ज्याला ते कळलं त्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, मग तो पाद्री असो वा सनदी अधिकारी. मारहाण, धमकी यांतही पीडिताला एकट्याने समोर पाठवायचं नसतं. पैशाच्या अफरातफरीचा संशय असेल तर वह्या आणि पावत्यांच्या प्रती आधी सुरक्षित करायच्या, मग बोलायला जायचं.

आणखी एक अपवाद खुद्द पौलाने दाखवलाय. अंत्युखियात पेत्र विदेशी, म्हणजे यहूदी नसलेल्या, ख्रिस्ती लोकांबरोबर एका ताटात जेवत होता. यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब, त्याच्याकडची माणसं आली तसा तो हळूहळू मागे सरला, आणि त्याच्यामागून बाकीचे यहूदी, बर्णबासुद्धा. पौलाने त्याला सर्वांसमोर सुनावलं. एकांतात का नाही? कारण चूक सर्वांसमोर होत होती आणि तिने रोज पंगत दुभंगत होती. जे पंगतीत मोडलं ते पंगतीतच सांधावं लागतं. मात्र हा दाखला देऊन जो तो ग्रुपवर दुसऱ्याला ‘तोंडावर सुनावतो’, त्याने गलतीकरांस पत्राचा दुसरा अध्याय नीट वाचावा. पौल पेत्राच्या तोंडावर बोलला, त्याच्या पाठीमागे नाही.

आता भाषा. गोवेकराला भाषेचं भांडण म्हणजे काय हे सांगायला नको. १९६७ चा जनमत कौल, १९८७ चा राजभाषा कायदा, मराठी-कोंकणी, आणि कोंकणीत पुन्हा रोमी लिपी की देवनागरी. घराघरात दोन मतं. पहिल्या मंडळीतलं नोंदलेलं पहिलं मोठं भांडणही भाषेचंच, प्रेषितांची कृत्ये, अध्याय ६. वरवर तो भाकरीचा तंटा दिसतो. यरुशलेमात विधवांना रोज मदत वाटली जायची. ग्रीक बोलणाऱ्या यहूद्यांची तक्रार अशी की इब्री बोलणाऱ्यांच्या विधवांना मिळतं आणि आमच्या राहून जातात.

बारा प्रेषितांनी काय केलं नाही ते आधी बघण्यासारखं आहे. खरंखोटं करायला चौकशी समिती नेमली नाही. ‘आमच्यात भेदभाव नाही’ असं पत्रक काढलं नाही. वाटप आपल्या हातात घेऊन उपकारही केले नाहीत. सगळ्यांना बोलावलं, सांगितलं की तुमच्यातलेच सात जण निवडा, आणि अटी तीन घातल्या: नाव चांगलं असावं, आत्म्याने भरलेले असावेत, शहाणपण असावं. निवडून आले ते स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकनोर, तीमोन, पार्मिना आणि अंत्युखियाचा नीकलाव. सातही नावं ग्रीक. आता ग्रीक नावं इब्री बोलणाऱ्या घरांतही असायची, बारा प्रेषितांतच अंद्रिया आणि फिलिप्प आहेत. पण सातच्या सात म्हणजे योगायोग म्हणायला जीभ रेटत नाही. ज्यांची तक्रार होती त्यांच्याच हातात कोठाराची किल्ली गेली. फक्त त्यांच्या विधवांची नाही, सगळ्यांच्या विधवांची.

कामानिमित्त वास्को, म्हापसा, फोंडा इथे आलेल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांचा विचार करा. मिसा कोंकणीत नाहीतर इंग्रजीत. अशा कुटुंबांनी कुरकुर केली की ठरलेला उपाय म्हणजे त्यांचा एक प्रतिनिधी पॅरिश काउन्सिलवर (चर्चच्या सल्लागार मंडळावर) घेणे. तीस जणांत एक. तो दोन बैठकांना येतो, चर्चा भरभर पुढे सरकते, तिसऱ्या बैठकीला त्याची खुर्ची रिकामी. कृत्यांमधल्या रीतीने जायचं तर खुर्चीऐवजी काम द्यायचं, पूर्ण काम, पैशासकट: गरिबांच्या मदतनिधीचं एक वर्षाचं वाटप, किंवा महिन्यातल्या एका मिसेची सगळी तयारी, वाचनं, गाणी, दानपेटी मोजण्यापर्यंत. चुका होतील. आधीच्यांच्याही होतच होत्या, म्हणून तर तक्रार आली.

यरुशलेमची सभा मात्र सावकाश वाचायची गोष्ट आहे. इसवी सन ४९ च्या सुमाराची. प्रश्न जीवनमरणाचा होता: विदेशी लोकांना ख्रिस्ती व्हायचं तर आधी सुंता करून मोशेचं नियमशास्त्र पाळायला हवं का? यहूदियातून काही जण अंत्युखियात आले आणि ‘सुंतेवाचून तारण नाही’ असं शिकवू लागले. पौल आणि बर्णबाशी त्यांचा जोराचा वाद झाला. तिथल्या तिथे मिटेना, तेव्हा अंत्युखियाच्या मंडळीने दोघांना आणि आणखी काहींना यरुशलेमला धाडलं. म्हणजे वरची पायरी खालच्यांनी मागितली, वरून कुणी बोलावणं केलं नाही.

सभेचा क्रम कृत्यांच्या १५ व्या अध्यायात आहे. सुंता हवीच म्हणणाऱ्या परुशी पंथातल्या विश्वासणाऱ्यांना आधी बोलू दिलं, आणि भरपूर वादविवाद होऊ दिला. एवढं झाल्यावर पेत्र उठला, आणि तो मत देण्याऐवजी घडलेली गोष्ट सांगतो: कर्नेल्य या विदेशी माणसाच्या घरी सुंतेवाचूनच पवित्र आत्मा कसा उतरला ते. मग पौल आणि बर्णबा, तेही काय काय पाहिलं ते सांगतात, आणि सभा गप्प बसून ऐकते. सगळ्यांत शेवटी याकोब, ज्याच्या नावावर विरोधी गट मिरवत होता तोच. तो आमोस संदेष्ट्याचं वचन काढतो आणि निकाल मांडतो. ज्यांना हा निकाल गिळायला सर्वांत जड जाणार, त्यांना जवळचा वाटणारा माणूस तो बोलून दाखवतो. बैठक चालवणाऱ्याने एवढं एक उचललं तरी अर्धं काम होतं. काउन्सिलमध्ये अध्यक्षच पहिला तोंड उघडतो आणि ‘माझं मत असं आहे, आता बोला’ म्हणतो. त्यानंतर जे होतं ती चर्चा नसते.

मग पत्र. सात वचनांत मावतं, आणि नोटीस बोर्डावर कागद लावणाऱ्या प्रत्येकाने ते समोर ठेवावं. पहिल्या ओळीत कोण कोणाला लिहितंय: प्रेषित आणि वडील, अंत्युखिया, सीरिया आणि किलिकियातल्या विदेशी बांधवांना. त्यांना ‘बांधव’ म्हटलंय, इथेच निम्मा निकाल लागला. दुसरी गोष्ट चुकीची कबुली: आमच्यातून काही जण आले आणि त्यांनी तुम्हांला त्रास दिला, आम्ही त्यांना तसं सांगितलं नव्हतं. तिसरी, ज्यांच्यावर शंका घेतली गेली त्या पौल-बर्णबाचा मान, नाव घेऊन. चौथी, पत्राबरोबर यहूदा बर्सबा आणि सीला येताहेत, ते तोंडी हेच सांगतील. त्यानंतर कुठे निर्णय, आणि तोही कमीत कमी: मूर्तीला वाहिलेलं, रक्त, गळा दाबून मारलेलं आणि जारकर्म यांपासून दूर राहा. सुंतेचा शब्दही नाही, म्हणजे सुंता नको. हरलेल्या पक्षाच्या तोंडावर ‘तुम्ही हरलात’ असं कुठेही लिहिलेलं नाही.

यातली चौथी गोष्ट आज सर्रास गाळली जाते. कागद एकटाच येतो. प्रश्न विचारायला समोर माणूस नसतो, म्हणून प्रश्न गुत्त्यावर विचारले जातात. दोन माणसं पाठवा, एक मूळ गावचा नसलेला, आणि त्यांना एक दिवस राहू द्या. यहूदा आणि सीला अंत्युखियात काही काळ राहिले होते.

याच्या अगदी उलट कसं करतात हेही गोव्यानेच दाखवलंय. १५९९ साली गोव्याचे आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस केरळात उतरले आणि त्यांनी तिथल्या सेंट थॉमस ख्रिस्ती लोकांची सभा उदयंपेरूरला भरवली, २० ते २६ जून. ठराव आधीच तयार होते. सभा ऐकण्यासाठी नव्हती, सह्यांसाठी होती. सात दिवसांत एका जुन्या मंडळीची उपासना, तिचे सिरियाक ग्रंथ, तिच्या चालीरीती बदलायच्या ठरल्या. कित्येक ग्रंथ जाळले गेले. सह्या झाल्या. जवळपास ५४ वर्षांनी, ३ जानेवारी १६५३ ला, मट्टांचेरीत लोकांनी क्रुसाला दोर बांधून शपथ घेतली की आता जेझुइटांचा, म्हणजे येशूसंघाच्या पाद्र्यांचा, अधिकार मानणार नाही. तिथून पडलेल्या फुटीच्या शाखा आजही वेगवेगळ्या आहेत. यरुशलेमला बोलणं आधी झालं आणि कागद नंतर. उदयंपेरूरला कागद आधी.

आजच्या कॅथलिक चर्चमध्ये तक्रारीची वाट कागदावर बरी आहे, लोकांना ती ठाऊक नसते एवढंच. कॅनन (चर्चच्या कायद्याचं कलम) २१२ म्हणतो की आपलं मत पाळकांना कळवणं हा सामान्य ख्रिस्तवाल्याचा हक्क आहे, कधीकधी कर्तव्यही. कॅनन ५० सांगतो की निर्णय देण्याआधी, ज्यांच्या हक्काला त्याने धक्का बसेल त्यांचं शक्य तितकं ऐकून घ्यावं. कॅनन ५१ प्रमाणे तो लेखी आणि कारणासकट हवा. म्हणजे दिदास्कालियाचीच शिकवण, जरा वकिली भाषेत. निर्णय मान्य नसेल तर मुदती लक्षात ठेवा, कारण चांगल्या तक्रारी बहुधा मुदतीतच मरतात. पॅरिश प्रीस्टच्या लेखी निर्णयाविरुद्ध १५ दिवसांत बिशपांकडे दाद मागता येते. निर्णय खुद्द बिशपांचा असेल तर आधी १० दिवसांत त्यांनाच, तो मागे घ्या किंवा बदला, अशी लेखी विनंती करायची. नकार आला किंवा ३० दिवस उत्तरच आलं नाही, तर पुढच्या १५ दिवसांत वर, रोमकडे. यातले १० आणि १५ दिवस तुम्हांला निर्णय कळल्यापासून आणि हालचाल करणं शक्य असल्यापासूनच मोजतात. आणि कॅनन १७३३ आधीच सांगून ठेवतो की शक्यतो मध्यस्थ घालून मिटवा. तोंडी निर्णयावर यातलं काहीच लागू करणं कठीण, म्हणून पहिलं काम म्हणजे निर्णय लेखी मागणं. नम्रपणे, पण मागणं.

पॅरिश काउन्सिल सल्ला देते, ठरवत नाही (कॅनन ५३६). हे निवडून आलेल्यांना पहिल्याच बैठकीत सांगितलं नाही की सहा महिन्यांनी ‘आमचं कोण ऐकतं’ हा सूर लागतो. फायनान्स काउन्सिल मात्र प्रत्येक पॅरिशला असायलाच हवी (कॅनन ५३७). हिशेबाच्या भांडणात पहिला प्रश्न हाच विचारावा: ती आहे का, आणि शेवटची कधी बसली?

गोव्यात यावर आणखी एक थर आहे, कॉन्फ्रारियांचा, म्हणजे चर्चच्या बंधुसंघांचा. काही गावांत सभासदत्व वंशपरंपरेने गावकरांकडेच, म्हणजे गावच्या मूळ घराण्यांकडेच, राहतं. फेस्ताला लाल ओपा-मूर्स (मानाचा झगा) कोणी घालायचा, संताची मूर्ती कोणी उचलायची, यावरून पिढ्यान्पिढ्यांची तेढ चालते, आणि असे तंटे कोर्टापर्यंतही गेलेत. इथे गोड बोलून भागत नाही. घटनेचं पुस्तक काढायचं, सभासदत्वाचं कलम वाचायचं, ते बदलायचा अधिकार कोणाकडे आहे ते बघायचं. चर्चच्या नावाने दिवाणी दावा लावायचा किंवा लढवायचा तर बिशपांची लेखी परवानगी लागते (कॅनन १२८८). ती नसताना कुणी उत्साहाने वकील गाठला की मूळ तंटा बाजूला राहतो आणि दुसराच सुरू होतो. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत आणि सोसायटी म्हणून नोंदलेल्या फेलोशिपांत कलमं वेगळी असतात, दुखणं तेच: सभेची नोटीस किती दिवस आधी द्यायची आणि कोरम किती, हे भांडण पेटल्यावर शोधायला लागतात. इतिवृत्त उठण्याआधी मोठ्याने वाचून दाखवावं. दहा मिनिटं जातात.

सगळंच मिटवायची मात्र गरज नसते, आणि हे शहाणपणही जुनंच आहे. चवथीला शेजाऱ्याकडून नेवऱ्या येतात. आपण नाताळात कुस्वार पाठवतो. नैवेद्य दाखवलेल्या नेवऱ्या खाव्यात का, यावर ख्रिस्ती घरांत मतं फुटतात, विशेषतः नव्याने विश्वासात आलेल्या मराठी घरांत. हा प्रश्न करिंथातला आहे, जसाच्या तसा. पौलाचं उत्तर: बाजारात मिळतं ते विचारपूस न करता खा, शेजाऱ्याने जेवायला बोलावलं तर वाढेल ते खा, पण कुणी ‘हे मूर्तीला वाहिलेलं आहे’ असं बजावून सांगितलं तर खाऊ नका, आणि ते तुमच्यासाठी नव्हे, सांगणाऱ्याच्या मनासाठी. यरुशलेमच्या पत्रापेक्षा हे सैल आहे, यात वाद नाही. रोमकरांस पत्रात त्याने दोघांनाही एकेक लगाम घातलाय: खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ लेखू नये, न खाणाऱ्याने खाणाऱ्याचा न्याय करू नये. पहिला लगाम शिकलेल्यांना टोचतो, दुसरा सोवळ्यांना. मंगळसूत्र, कुंकू, कम्युनियन हातावर की जिभेवर, हे सगळे प्रश्न याच खणात ठेवावेत. त्यांवर ठराव घेतला की घरं तुटतात.

पुनरुत्थानाचा सण कधी पाळायचा यावर १५५ च्या सुमारास स्मर्ण्याचा वृद्ध बिशप पॉलिकार्प रोमला गेला. आशियातले लोक यहूदी पंचांगातल्या निसान महिन्याच्या १४ तारखेला पाळायचे, वार कुठलाही असो. रोमला रविवार हवा. पॉलिकार्पला रोमचा बिशप अनिसेटस पटवू शकला नाही, अनिसेटसला पॉलिकार्प. तरी अनिसेटसने आपल्या मंडळीत प्रभुभोजन चालवायचा मान पाहुण्याला दिला. चाळीसेक वर्षांनी रोमच्या बिशप व्हिक्टरने त्याच कारणावरून आशियातल्या मंडळ्यांना तोडायला काढलं, तेव्हा लियोंच्या इरेनियसने पत्र लिहून त्याला हीच जुनी गोष्ट आठवून दिली.

आणि कधीकधी वाटा वेगळ्या होतात. यरुशलेमचा तंटा एवढ्या निगुतीने मिटवून आलेले पौल आणि बर्णबा पुढच्याच प्रवासाला एका पोरावरून भांडले. योहान मार्क पहिल्या फेरीत पंफुल्यातून अर्ध्यावर परत गेला होता. बर्णबा म्हणे त्याला पुन्हा नेऊ, पौल म्हणे नाही. लूक या भांडणासाठी ग्रीकमध्ये ‘पॅरॉक्सिस्मॉस’ हा शब्द वापरतो. वैद्यकात तोच तापाच्या झटक्याला वापरत. कोण बरोबर हे लूक सांगत नाही. बर्णबा मार्काला घेऊन जहाजाने कुप्रला गेला, पौल सीलाला घेऊन सीरिया-किलिकियात. क्षेत्रं वाटली गेली, कुणी कुणाच्या मागे पत्रं पाठवल्याचं दिसत नाही.

मंडळी फुटायचीच झाली तर एवढं तरी कागदावर करून फुटावी. बाप्तिस्मा आणि लग्नाच्या नोंदवह्या मूळ जागीच राहतील, नव्यांना दाखले मिळतील. बँक खात्यावरच्या सह्या कोणत्या तारखेपासून बदलतील ते लिहा. पेटी, तबला, खुर्च्या, किल्ल्या, प्रत्येकाची यादी दोन प्रतींत. जाणाऱ्याला सभासदत्वाचं पत्र द्या, त्यात शेरा नको. राहिलेल्यांच्या घरी वर्षभर ‘भेटीगाठी’ करू नका. कार्यक्रमाच्या फोटोंमधून जुनी माणसं कापू नका. हे बारीक वाटतं, पण लोक यानेच जास्त दुखावतात.

पौलाच्या नावे असलेल्या शेवटच्या पत्रात, तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या, शेवटी कामांची यादी आहे. मार्काला घेऊन ये, तो मला सेवेसाठी उपयोगी आहे. दोन ओळी खाली: येताना त्रोवसात कार्पाकडे राहिलेला झगा आण, आणि पुस्तकं, विशेषतः चर्मपत्रं.